मिशीवर अंगठा ठेवून पाहा

वाशिमकडे जाऊन आले असं सांगितलं की पुण्यातली माणसं आधी विचारतात, "लग्न होतं का कुणाचं?" लग्न नसताना, देवदर्शन नसताना कुणी आपणहून तिकडे सहा दिवस राहील हे त्यांना पटत नाही. निघताना मलाही फारसं पटलेलं नव्हतं. मी थकले होते, आणि वैशाली फोनवर एवढंच म्हणाली होती, "तुरीच्या शेंगा भरल्यात. ये."

थकण्याचं कारण सांगते. मी कॉम्प्युटरवरच्या खेळांसाठी पात्रं काढते. काही खेळांत आपण एखाद्या पात्राची भूमिका घेतो आणि त्याच्या काल्पनिक जगात महिनोन्‌महिने भटकतो. आमची टीम तसाच एक खेळ बनवत होती. त्यात 'खडकुले' नावाची जमात आहे, डोंगराच्या पोटात राहणारी, आपल्या कमरेहून थोडी उंच माणसं. त्यांच्यातला एक पन्नाशीचा कुलूप-कारागीर मला काढायचा होता. तीन महिने मी तो काढत होते. दाढी दिली, सुरकुत्या दिल्या, टक्कलही दिलं. आमचा कलाप्रमुख निखिल दर वेळी तेच म्हणायचा, "हे गॅदरिंगमधलं पोर आहे. दाढी चिकटवलेलं." डोकं मोठं केलं की बाहुला व्हायचा, पाय आखूड केले की व्यंगचित्र. शेवटी निखिलनं दहा दिवसांची मुदत दिली. तेवढ्यात जमलं नाही तर पात्र दुसऱ्या कुणाकडे जाणार होतं. त्यातले सहा दिवस घेऊन मी केनवडला गेले.

केनवड, पहिला दिवस

वैशाली माझी कॉलेजातली मैत्रीण. रिसोड तालुक्यातल्या या मोठ्या गावात ती शाळेत शिकवते. सासरची शेती तिचा धाकटा दीर दत्ता पाहतो. मी पोचले तेव्हा दत्ता विहिरीवरची जळालेली मोटार टेम्पोत चढवत होता. "ताई, चला बाजारात. गाव पाहून होईल," तो म्हणाला. मीही निघाले.

बाजाराचा दिवस होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वांगी, मेथी, हिरव्या तुरीच्या शेंगांचे ढीग. दुपार असूनही हवेत गारवा होता. बाजार संपतो तिथे पत्र्याच्या शेडमध्ये मोटार दुरुस्तीचं दुकान. दत्ता टेम्पो मागे घेत होता, म्हणून मी एकटीच आत गेले. एका उलट्या खोक्यावर पाठमोरं कुणीतरी बसलं होतं. माकडटोपी, स्वेटर, सात-आठ वर्षांच्या मुलाएवढं अंग.

मी म्हणाले, "बाळा, तुझे बाबा कुठे आहेत रे?"

खोक्यावरचा माणूस वळला. नाकावर चष्मा, करडी मिशी, दोन दिवसांचे पांढरे खुंट. त्यानं चष्म्यावरून मला नीट पाहून घेतलं.

"बाबा तं वारले, ताई. सोळा वर्षं झाली. काम काय हाय?"

तोवर दत्ता दारात आला होता. त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले. मी माफी न मागताच बाहेर टेम्पोपाशी जाऊन उभी राहिले. तो माणूस म्हणजे पुंजाजी. आसपासच्या गावांतून जळालेल्या मोटारी त्याच्याकडेच येतात. लहानपणी कधीतरी त्याची वाढ थांबली ती थांबलीच. हातपाय, धड, डोकं, सगळं एकमेकांच्या प्रमाणात, फक्त लहान.

परतताना दत्ता म्हणाला, "मनावर नका घेऊ, ताई. नवीन माणसाचं होते तसं."

मी मनावर घेतलंच होतं. तीन महिने मी मोठा माणूस काढायला बसत होते आणि कागदावर मूल उतरत होतं. आता खराखुरा मोठा माणूस समोर होता, तर मी त्याला मूल ठरवून मोकळी झाले होते.

दुसरा दिवस

सकाळी मी माफी मागायला गेले. पुंजाजीनं मान न उचलता स्टूल दाखवलं. "बसा. चहा येऊन राह्यला." पुण्यात आधी चहा घेणार का विचारतात. इथे चहा निघालेलाच असतो.

बसायच्या आधी माझं कपाळ पत्र्याच्या फळीवर आपटलं. त्यानंतर मला दुकान दिसायला लागलं. फळ्या त्याच्या छातीच्या उंचीला, शिकंजा बुटक्या ठोकळ्यावर, पान्हे त्याचा हात पोचेल तिथे लटकवलेले. तीस वर्षांत एका माणसानं आपल्या मापानं एक जग रचलं होतं आणि त्यात बेढब मी होते. पान्हे मात्र सगळ्यांचे असतात तेवढेच. चष्माही नेहमीचा, पक्कडही नेहमीची. माझ्या चित्रांत कारागीर लहान केला की त्याची हत्यारंही मी सोबत लहान करायची. खेळण्यातली दिसणारच ना मग!

आमच्याच मोटारीचं काम चाललं होतं. जळालेल्या तारा उपसून काढायच्या आणि नव्या तांब्याच्या तारेचे वेढे एकेका खाचेत बसवायचे. बोटं वार्निशनं काळी पडलेली, अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं. मध्येच कुणी शेतकरी यायचा, लाइन, म्हणजे वीज, कधी येणार यावर पाच मिनिटं बोलणं व्हायचं, आणि पुंजाजी वेढ्यांची मोजणी सोडली तिथून उचलायचा. एकदाही चुकला नाही. मी चहा विसरून बघत राहिले.

शेवटी मी माझं काम सांगितलं आणि विचारलं, "तुमचं चित्र काढू का?"

"कायले?"

मी खडकुल्यांबद्दल सांगितलं. त्यानं मन लावून ऐकलं.

"हा तुमचा कारागीर त्या खेळात करते काय?"

"कुलपं बनवतो. नायकाला एक किल्ली देतो."

"अन मंग?"

मी अडखळले. "मग थोडी गंमत करतो. धडपडतो वगैरे. लोक हसतात."

त्यानं तार कापली, टोक वाकवलं. "मंग माहं चित्र नका काढू, ताई. पाहायचं तं पाहा. दुकान उघडं हाय."

आवाजात राग नव्हता. त्यामुळेच जास्त लागलं. आणि तरीही त्या संध्याकाळी वैशालीकडे ओसरीवर बसून मी आठवणीतून त्याचं चित्र काढलंच. न विचारता काढलं, नको म्हटल्यावर काढलं. तेव्हा मला ते चोरटेपणाचं वाटलं नाही, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवते.

वावरात, तिसरा दिवस

मोटार तयार झाली. त्या आठवड्यात शेतीची लाइन दिवसा होती, म्हणून सकाळीच ती विहिरीत सोडायची ठरली. वैशालीचं वावर गावापासून दोनेक किलोमीटरवर. हरभऱ्याला घाटे लागलेले, पलीकडे तुरीची गर्द पट्टी. विहीर काळ्या दगडाची आणि खोल. आत अर्ध्यापर्यंत पायऱ्या आणि तिथे एक अरुंद कट्टा. विहिरीवर तीन लोखंडी पाइपांची तिवई उभी करून तिला साखळीची कप्पी लावली होती. चार धिप्पाड माणसं साखळीवर होती. मोटारीला दिशा द्यायला दत्ता खालच्या कट्ट्यावर उतरला. पुंजाजी विहिरीच्या काठावर उभा होता. पाय फाकवून, भार टाचांवर, हात मागे बांधलेले. वरची माणसं त्याच्याकडे पाहत होती आणि खालून दत्ताही.

"सोडा... हळू... थांबा. सोडा."

एवढेच शब्द. मोटार अर्ध्या वाटेपर्यंत गेली असेल. मला साखळीच्या खडखडाटाशिवाय काही ऐकू आलं नव्हतं. पुंजाजीला काहीतरी वेगळं ऐकू आलं. त्यानं मान किंचित कलती केली आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाला,

"दत्ता. भिंतीले चिकट. आत्ता."

दत्तानं का म्हणून विचारलं नाही. तो भिंतीला पाठ लावतो न लावतो तोच मोटार लटकवलेला आकडा उघडला. मोटार कट्ट्यावर आदळली, अगदी त्याच्या पावलांच्या जागी. दगडाचा टवका उडाला आणि मोटार पाण्यात गेली. विहिरीतून आलेला तो आवाज अजून माझ्या छातीत आहे.

साखळीवरची माणसं काठाकडे धावली. मग खालून दत्ताचा आवाज आला, "हाय मी. हाय."

"वर ये आधी," पुंजाजी म्हणाला. दत्ता वर येईपर्यंत तो जागचा हलला नाही. दत्ता काठावर आला, पुंजाजीनं त्याच्या मनगटाला धरून त्याला नखशिखांत पाहिलं, आणि मग बांधाशी जाऊन खाली बसला. चष्मा काढून त्यानं सगळ्यांसमोर डोळे पुसले. ते लपवायचा त्यानं प्रयत्न केला नाही. मी पाणी नेऊन दिलं. तो पाण्याकडे बघत म्हणाला, "सहा महिन्याची लेक हाय त्याले."

मी आजवर डोंगर पाहिले, समुद्र पाहिला, लेणी पाहिली. त्या बांधावर, चार फूटही नसलेल्या त्या माणसापुढे उभं राहून मला जे वाटलं ते त्यांतल्या कशापुढेही वाटलं नव्हतं. माणसाचं मोठेपण इतकं उघडं मी कधी पाहिलं नव्हतं.

दुपारी नव्या दोरखंडांनी मोटार वर काढली. बेअरिंग फुटलं होतं. नवं शिरपूरला मिळणार होतं.

संध्याकाळी पुंजाजीच्या बायकोनं, सुमनबाईंनी, आम्हाला जेवायला बोलावलं. सुमनबाई चांगल्या उंच आहेत. लेक वाशिमला शिकते, त्यामुळे घरात दोघंच. ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी, ज्वारीची भाकरी, ठेचा. आमच्या पुण्याच्या आमटीत गूळ असतो हे ऐकून सुमनबाईंनी माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि मी नको म्हणायच्या आत आणखी एक पळी वाढली.

कोपऱ्यात शिलाई मशीन होतं. मी विचारलं, गावातले कपडे शिवता का?

"नाई. यायचेच शिवतो." त्या पुंजाजीकडे बघून हसल्या. "लग्न झालं तवा हे पोट्ट्यायचे शर्ट घालत. दुकानात मापाचे तेच भेटत ना. छातीवर बदक. नवरदेव बसला अन छातीवर बदक! मी मशीन शिकली. आधी तेच शर्ट उसवून पाह्यले. पोट्ट्याच्या शर्टाले खांदा नसते, ताई. माणसाले खांदा असते. कॉलर कडक लागते. खिशात चष्मा मावला पायजे, टेस्टर मावला पायजे. मापानं खिसा लहान केला तं त्यात मावन काय?"

पुंजाजी भाकरी मोडत म्हणाला, "पयला शर्ट घालून बाजारात गेलो, तं लोकायनं रस्ता देल्ला."

"रस्ता नाई देल्ला. ओयखलं नाई कोनी," सुमनबाई म्हणाल्या, आणि दोघंही खूप दिवसांची जुनी गोष्ट पुन्हा निघाल्यासारखे हसले.

शिरपूर, चौथा दिवस

शिरपूर म्हणजे जैनांचं जुनं तीर्थ. मंदिरातली मूर्ती जमिनीला टेकलेली नाही अशी श्रद्धा, आणि तिच्या दर्शनाला लांबलांबून बसगाड्या येतात. बेअरिंग आणायला पुंजाजी, वैशाली आणि मी तिच्या गाडीतून गेलो. बाजारातल्या दुकानात म्हातारे शेठ पुंजाजीला पाहून गादीवरून उठून बाहेर आले. बेअरिंगची गोष्ट नंतर निघाली. आधी शेठच्या घरची मोटार आवाज कसा करते, तो त्यांनी तोंडानं काढून दाखवला. पुंजाजीनं दोनदा काढायला लावला आणि निदान सांगितलं. शेठनं ते लिहून घेतलं.

नंतर वैशाली गाडी आणायला गेली आणि आम्ही दोघं मंदिराबाहेर सावलीत थांबलो. एक बस रिकामी होत होती. त्यातून उतरलेली एक तरुण बाई थेट पुंजाजीकडे आली. "अरे, कितना क्यूट है!" म्हणत तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याच्या तळहातावर साखरेची गोळी ठेवली.

माझं रक्त तापलं. पुंजाजी जागचा हलला नाही. तिचा हात बाजूला होईपर्यंत थांबला आणि शांतपणे म्हणाला, "नमस्ते, बहनजी. कहाँ से आए? सफर में तकलीफ तो नहीं हुई?"

ती बाई बदलताना मी पाहिली. आधी हात मागे गेला. मग पाठ सरळ झाली, मग ओढणी डोक्यावर आली. "नहीं, अंकल. सूरत से." पुंजाजीनं तिला पाण्याची जागा दाखवली, सोबतच्या म्हाताऱ्या माणसांना चढायला सोपी वाट सांगितली. जाताना तिनं हात जोडले.

पुंजाजीच्या अंगात काहीच बदललं नव्हतं, ना उंची, ना चेहरा. बदललं होतं ते समोरच्या बाईचं अंग. मी तीन महिने नुसता कारागीर काढत होते, त्याच्यासमोर उभा राहणारा माणूस मी एकदाही काढला नव्हता.

"तुम्ही तिला काही बोलला नाहीत," मी म्हणाले.

"काय बोलू? पाव्हणी हाय ती."

"पण राग येत असेल ना?"

"येते ना. रोज येते. पण राग आला का आवाज चढते. अन माहा आवाज चढला का पोट्ट्यावानी होते. मंग कोनी आयकत नाई. म्हणून मी आवाज खाली ठेवतो. लय वर्षं लागले शिकाले."

काल विहिरीवर तो का ओरडला नाही, ते मला तेव्हा कळलं.

मग मला राहवलं नाही. पिशवीतून वही काढून परवाचं चित्र मी त्याच्या हातात दिलं. "तुम्ही नको म्हणालात तरी काढलं. माझं चुकलं. फाडून टाका."

त्यानं चष्मा चढवला. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता निघून जाईल. त्यानं चिरलेल्या नखाचा अंगठा चित्रातल्या मिशीवर ठेवला आणि वही माझ्याकडे वळवली.

"आता पाहा. मिशीवर अंगठा ठेवून पाहा."

मिशी झाकली आणि उरलं ते मूल होतं. गोंडस, भाबडं, वर बघणारं.

"हे मी नाई, ताई. हे तुमी पयल्या दिवशी पाह्यलं ते पोट्टं हाय."

मला रडू आलं. त्यानं वही मिटून परत दिली, फाडली नाही. "मुदत किती हाय तुमाले?"

"सहा दिवस राहिले."

त्यानं चष्मा खिशात ठेवला. "दोन गोष्टी करजा. एक, त्याले असं काम द्या का त्यानं हात थांबवला तं सगळ्यायचं थांबन. दुसरं, तोंड माहं घेऊ नका. हात घ्या. हात मले दाखवाले आवडते."

पाचवा दिवस, आणि नंतर

दुरुस्त मोटार दुपारी विहिरीत उतरली, या वेळी दोन आकड्यांवर. बटण दाबल्यावर पाण्याचा पहिला लोंढा पाटात आला तेव्हा दत्तानं आधी पुंजाजीच्या पायावर हात ठेवला आणि मग आपले पाय धुतले.

उरलेली दुपार मी दुकानात हात काढले. वेढे भरताना, पान्हा पेलताना, चष्मा पुसताना, काहीच न करताना. मनगट बारीक, पण त्यावरची शीर जाड. बोटं थांबलेली असली तरी रिकामी नव्हती. संध्याकाळी मी ती पानं पुंजाजीपुढे ठेवली. त्यानं एकेक उलटलं आणि शेवटी एकावर बोट ठेवून म्हणाला, "हे बराबर हाय." मी त्याखाली तारीख घातली.

पुण्यात आल्यावर भांडण झालं. विनोदी प्रसंग गाळायला खेळाचा लेखक तयार नव्हता. मी सांगितलं, चित्र हवं असेल तर पात्राचं काम बदला. दोन दिवस निखिल आणि लेखक आपसात बोलत होते. अखेर ठरलं की कारागीर किल्ली देणार नाही. डोंगराला तोलून धरणारी साखळी आहे, तिची राखण तो करेल. धडपडणं गाळलं गेलं. मग मी चेहरा काढला, पुंजाजीचा नव्हे, कुणाचाच नव्हे. खांद्याचा शर्ट, खोल खिसा, नेहमीच्या मापाचा पान्हा, खाली ठेवलेल्या आवाजाचे ओठ. शेजारी दोन धिप्पाड माणसं, त्याच्या शब्दाची वाट पाहणारी. निखिलनं खुर्ची स्क्रीनजवळ ओढली आणि विचारलं, "कोण आहे हा?" याआधी तो दर वेळी 'हे' म्हणायचा, 'हा' पहिल्यांदाच म्हणाला.

चित्र मी वैशालीच्या फोनवर पाठवलं. ती दुकानात जाऊन दाखवणार होती. दुपारी पुंजाजीचा फोन आला. मागे बाजाराचा गोंगाट होता.

"पाह्यलं, ताई."

"कसं वाटलं?"

त्यानं उलट मलाच विचारलं, "किती वर्षं झाली याले हे काम करून?"

"तीसेक वर्षं."

"अन तुमी याले उभं ठेवलं? गुडघे दुखत असतीन त्याचे. बसवा त्याले."

मी त्याला बसवलं, दगडाच्या एका बुटक्या बैठकीवर, साखळीला पाठ टेकवून. एवढ्यामुळे बाकीचं बरंच काम वाढलं, प्रोग्रॅमर वैतागले, पण त्यांनी केलं. आता खेळात त्या खडकुल्याशी बोलायचं असेल तर नायकालाही हत्यार बाजूला ठेवून त्याच्यासमोर जमिनीवर बसावं लागतं.